झाकलं मशीन सव्वा लाखाचं

सोमवार, ४ मार्च

धागेवाला दरवर्षी फुकट डायरी देतो आणि मी तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहिते. आज मात्र असं काही ऐकलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही, आणि सांगायला माणूस नाही. समोरच्या वहिनींना सांगावं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळेल. लेकीला सांगायची सोय नाही, कारण सगळं तिच्यापायीच चाललंय. म्हणून मापं मागच्या पानांवर आणि हे पुढच्या.

तर आमच्या लेकीला जगाचा विकास करायचा आहे. खोलीतला पंखा पुसायला सांगितलं की ती दमलेली असते, पण जगाचं नाव काढलं की कुठून बळ येतं कोण जाणे. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसते. तिथल्याच भिंतीवर तिने जाहिरात वाचली. तरुणांची देवाणघेवाण, परस्परांची संस्कृती समजून घ्या, जगाच्या विकासात सहभागी व्हा. म्हणजे आधी तिकडची पोरं येऊन तीन आठवडे आमच्या घरांत राहणार, मग इकडची निवडक पोरं वर्षभर तिकडे राहून तिथल्या दवाखान्यांचं काम शिकणार. जिला जायचंय तिच्या घराने आधी पाहुणी सांभाळायची. शेवटी मुख्य कचेरीतून कुणी तरी घर बघायला येणार आणि मग ठरणार. मुलगी बघायला येतात तसंच, फक्त हे सून करून घेत नाहीत, वर्षाने परत पाठवतात. पाठवतात म्हणे.

मला काय, जाऊ दे. माझ्या कामाला तिची मदत तशीही नसते.

आज संस्थेची समन्वयक आली. तिचं नाव मी हसरी ठेवलंय. दात दाखवल्याशिवाय ती "बसा" सुद्धा म्हणत नाही. पुढची खोली पाहून खूश झाली, कारण तिथे माझं शिलाईचं दुकान आहे आणि जमिनीवर चिंध्या पडलेल्या असतात. मग न्हाणीघराशेजारी गेली आणि धुण्याच्या मशीनसमोर थांबली.

"ताई, हे जरा झाकता येईल का?"

"का? त्याला थंडी वाजते?"

"तसं नाही हो. आमच्या मुलांना साधं जगणं अनुभवायचं असतं. मागच्या खेपेला एका घरात एवढा मोठा टीव्ही दिसला, तर वरून विचारणा झाली, ही घरं कुणी निवडली म्हणून."

"मग टीव्ही नसलेली घरं निवडा."

"त्या घरांत जादाची खोली नसते ना," हसरी म्हणाली, आणि हसली.

मी लेकीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. हे मशीन मी लोकांच्या पँटच्या चेन बदलून बदलून घेतलंय, चोरून आणलेलं नाही. ओठांवर आलं होतं, पण हसरी जाईपर्यंत थांबले.

"आई, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे," लेक म्हणाली.

"आणि पुढचं वर्षभर?"

"पुढचं वर्षभर काय?"

"काही नाही. म्हटलं, तिकडे तुझे कपडे कोण धुणार?"

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. गरिबीचं मात्र छान आणता येतं, एक जुनी चादर पुरते. मशीनवर चादर घातली, वर कोरफडीची कुंडी ठेवली. लेकीने तिच्या प्रवासासाठी कुठून तरी एक जुना जाड कोट आणलाय. खांद्यातून उतरतोय आणि लांबीला जास्त आहे. "आई, एवढा बसवून दे," म्हणाली. निवडीचा पत्ता नाही आणि कोट आधी आला. म्हटलं, टाक तिकडे, बघते.

गुरुवार, ७ मार्च

पाहुणी आली. काडीसारखी अंगाने, लेकीच्याच वयाची. अंगात विटका स्वेटर, कोपरावर रफू. बघितल्याबरोबर ओळखलं मी. गरिबीचा अभ्यास करायचा म्हणून कपडेही त्याच मापाचे. नाटकात काम करणारे निदान तिकीट तरी लावतात. रफू मात्र सुबक होता, दोरा अगदी उलट बाजूने फिरवलेला. कुणी केला विचारलं, तर म्हणाली, "माझ्या आईने." असेल. चांगलं दुकान गाठलं असेल आईने.

आमची भाषा शिकून आलीय. बोलते ती अशी, की वाटावं भाषण चाललंय. "मला आपल्या दिनचर्येत सहभागी व्हायला आवडेल." म्हटलं, सहभागी हो बाई, आधी चपला बाहेर काढ.

घर दाखवताना न्हाणीघराशी पोचलो. तिने चादरीकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, खाली भिंतीशी गेलेल्या नळीकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. लेकीचा जीव खालीवर होत होता. मला तेव्हाच कळलं की ही बावळट आहे, हिच्या काहीही लक्षात आलेलं नाही.

रविवार, १० मार्च

कंबर मोडली. वर्षभरात मी हाताने धुणं धुतलं नव्हतं. आज बादली, साबण आणि ब्रश घेऊन बसले, तर ही माझ्या शेजारी येऊन बसली. मी नको म्हटलं. "कृपया," म्हणाली. ह्यांचं ते कृपया म्हणजे आपल्याकडच्या हट्टाला दिलेली इस्त्री.

तिने चादर अशी पिळली की माझ्या हाताला पाणीच लागलं नाही. मग एक टोक मला देऊन दुसरं स्वतः धरलं, एक झटका दिला आणि चादर सरळ. कुठल्या तरी वर्गात शिकवलं असणार. धुणं, भाग पहिला. दमडीची अक्कल नसलेल्या माणसांनाही आजकाल प्रमाणपत्र मिळतं.

आणि आम्ही दोघी घाम पुसत धूत होतो तेव्हा ते मशीन हातभर अंतरावर चादर पांघरून आरामात उभं होतं. मला त्याचा इतका राग आला की येताजाता कोपराने त्याला ढोसलं.

बुधवार, १३ मार्च

आज यजमान आयाबापांना पाहुण्या पोरांसकट शाळेच्या सभागृहात बोलावलं होतं. दुकान बंद ठेवून गेले. खुर्च्या गोलात. त्या पोरांना बाकड्यांवर बसता येत नाही का कोण जाणे, ह्यांना जिथेतिथे गोल लागतो. आधी सगळ्यांनी रंगीत चिठ्ठ्यांवर आपली भीती लिहून भिंतीवर चिकटवायची होती. मी कोरी चिकटवली. मला कसली भीती?

मग हसरीने लोकरीचा एक भला मोठा गुंडा आणला. ज्याच्या हातात गुंडा येईल त्याने आपल्याबद्दल एक गोष्ट सांगायची, टोक हातात धरून ठेवायचं आणि गुंडा समोरच्याकडे फेकायचा. अर्ध्या तासात अशी काही जाळी झाली की एकाला खोकला आला तर चौघांचे हात हलत होते. "बघा," हसरी म्हणाली, "आपण सगळे एकमेकांशी जोडलेले आहोत." टाळ्या वाजवायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. समोरच्या वहिनींना त्यात हुंदका आला. त्यांना कशानेही येतो.

आपण जोडलेले आहोत हे सांगून झाल्यावर सगळे लोकर टाकून चहाला गेले. चांगली, मऊ, निळी लोकर, पायांखाली. मी आणि पाहुणी बसून गुंता सोडवत राहिलो. ती टोक शोधायची, मी गुंडाळायची. आजच्या दिवसात तेवढीच एक गोष्ट काही तरी कामाची झाली. हसरी म्हणाली, असू दे ताई, घेऊन जा. घेऊन आले. फुकटची लोकर कोण सोडतं?

शनिवार, १६ मार्च

पाहुणीच्या हातांना भेगा पडल्यात. बोटांच्या सांध्यांवर रक्त. साबण कडक आहे, तिच्या कातडीला सोसत नाही. मलम दिलं, आणि धुण्याला हात लावशील तर याद राख म्हटलं, तर म्हणते, "आपले हातही असेच आहेत." माझे आहेत ते सुईने. तिला काय कळणार.

शेवटी उपाय काढला. लेक दवाखान्यात आणि पाहुणी संस्थेच्या वर्गाला, अशा त्या दोघी सकाळी बाहेर पडल्या की कुंडी खाली, चादर बाजूला, कपडे आत, बटण चालू. त्या परतायच्या आत सगळं पुन्हा जागच्या जागी. तिचे कपडेही त्यातच टाकते. प्रेम वगैरे काही नाही. भेगाळलेल्या हातांनी ती धुणार, मग हात सुजणार, मग औषधाला कोण पळणार? स्वतःच्या घरात स्वतःच्या मशीनपाशी मी चोरासारखी उभी राहते. ह्याला म्हणतात विकास.

समोरच्या वहिनींचं ऐकलं का, त्यांनी मायक्रोवेव्ह कपाटात ठेवलाय. आता त्या रोज साड्यांच्या खणात वाटी ठेवतात आणि दार लावून उभ्या राहतात. त्यांच्याकडचा पाहुणा विचारत होता, इथे अन्न कपाटात ठेवून गरम कसं होतं?

मंगळवार, १९ मार्च

दुपारी पाहुणी माझ्याजवळ येऊन बसली. मी पँटच्या दुमडी घालत होते. बरं वाटत नव्हतं म्हणून वर्गाला गेली नाही म्हणे. त्यामुळे मशीन लावता आलं नाही, दिवस फुकट.

विचारलं, आई काय करते. म्हणाली, हॉटेलात धुलाईला असते. चादरी, टॉवेल, पडदे. मनात म्हटलं, धुलाई विभागाची व्यवस्थापक असेल, ह्यांच्यात असं साधं करून सांगायची पद्धत असते. वडील? नाहीत. आमच्यासारखंच. तेवढ्यापुरतं मला जरा बरं वाटलं, आणि मग असं वाटल्याचं बरं वाटलं नाही.

मग तिची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली.

"हा आपल्या मुलीचा कोट?"

"हो."

"आपण सगळ्यांचे कपडे दोन दिवसांत देता."

"गिऱ्हाइकं पैसे देतात."

"तो आला तेव्हा होता तसाच आहे," ती म्हणाली.

लोकांच्या घरात राहायचं आणि त्यांच्या खुंट्या मोजायच्या. मी म्हटलं, निवड तर होऊ दे आधी, उगाच कापून ठेवला आणि गेलीच नाही तर कोट वाया जायचा. तिने सुईत दोरा ओवून दिला आणि उठून खाली गेली. बराच वेळ नव्हती. विचारलं तर म्हणाली, "आपल्या गल्लीचा परिचय करून घेत होते."

शुक्रवार, २२ मार्च

आज काय घडलं ते नीट क्रमाने लिहिते, नाही तर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

मुख्य कचेरीतले गृहस्थ घर बघायला आले. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. बरोबर हसरी. तिने आदल्या दिवशीच निरोप दिला होता की ताई, नेहमीचेच कपडे घाला. म्हणजे नेहमीचे नव्हे, त्याहून जुने. लेक सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. समोरच्या वहिनी साखर मागायच्या निमित्ताने दारात येऊन उभ्या होत्या, ती वाटी अजून त्यांच्या हातात असेल.

गृहस्थ चहा प्यायले. भिंती बघितल्या. म्हणाले, "ह्या घरात वस्तू कमी आणि समाधान जास्त आहे." मी मान खाली घातली, नाही तर माझं समाधान त्यांना दिसलं असतं. त्यांनी लेकीला बरंच काही विचारलं आणि तिने चांगली उत्तरं दिली. चांगली म्हणजे खरोखर चांगली. नोंदणीच्या खिडकीशी बायका तासन्तास का उभ्या राहतात, त्यातल्या कितीजणी नंबर यायच्या आधी निघून जातात, त्या परत का येत नाहीत, सगळं सांगत होती. मला हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं असतं तर सांगितलं असतं म्हणा.

तेवढ्यात पाहुणी उभी राहिली. भाषण पाठ केलेलं होतं. "ह्या घराने मला खूप दिलं. मला एक लहानशी भेट द्यायची आहे." आणि दार उघडलं. बाहेर कोपऱ्यावरचा मशीन दुरुस्तीवाला, हातात हत्यारांची पेटी.

पाहुणी त्याला सरळ न्हाणीघराकडे घेऊन गेली, आणि सगळे मागोमाग. तिने कुंडी हळूच उचलून खाली ठेवली आणि चादरीची घडी केली, एका झटक्यात, टोकाला टोक. दुरुस्तीवाला मशीनकडे बघतो, माझ्याकडे बघतो.

"काकू, ह्याला काय धाड भरलीय? गेल्या वर्षी मीच तर बसवलं."

मी त्याला डोळ्यांनी खूप काही सांगितलं. त्याला एक अक्षर कळलं नाही. त्याने बटण दाबलं, दिवा लागला. त्याने दार उघडलं आणि आतून एक ओली पँट बाहेर काढली. पाहुणीची. गृहस्थ येणार म्हणून धांदलीत कालचं धुणं काढायचं राहून गेलं होतं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, ते असं.

पाहुणीचा चेहरा मला बघवेना. ती पँट हातात घेऊन उभी होती आणि कानापर्यंत लाल झाली होती.

"हे झाकून का ठेवलं होतं?" गृहस्थांनी विचारलं. आवाज तितकाच मऊ.

"आम्हाला ह्याची काहीच कल्पना नव्हती," हसरी म्हणाली. हसतच. "कुटुंबांनी अशी दिशाभूल केली तर खरंच वाईट वाटतं. निवडीच्या वेळी ह्याचा विचार करावाच लागेल."

आता माझी पाळी होती. हिची जीभ कात्रीपेक्षा धारदार असं गल्लीत म्हणतात, आणि इतकी आयती चिंधी माझ्यापुढे आयुष्यात कुणी धरली नव्हती. एक वाक्य पुरे होतं. बाई, तूच सांगितलंस. सगळ्या घरांना सांगितलंस, वहिनींचा मायक्रोवेव्ह साड्यांत बसलाय तो तुझ्यामुळे. हसरीचं हसू कायमचं उतरलं असतं, संस्थेचं पितळ उघडं पडलं असतं, देवाणघेवाण तिथल्या तिथे बंद झाली असती आणि लेक घरी राहिली असती. आणि मी खरं बोलल्याबद्दल मला कुणी नावही ठेवू शकलं नसतं.

लेकीकडे बघायला नको होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली ठेवलेल्या त्या कुंडीकडे बघत होती, लहानपणी ताप आला की एकाच जागी डोळे लावून बसायची तशी.

मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मीच झाकलं," म्हटलं. "मशीन दिसलं की ह्या पोरी दोन रुमाल घेऊनसुद्धा लावतात. विजेचं बिल मी भरते. मी कंजूष आहे साहेब, पहिल्यापासून. गल्लीत कुणालाही विचारा."

"हो हो, ते खरंच आहे," वहिनी दारातून लगेच म्हणाल्या. त्यांना विचारलं कुणी होतं?

"पण मग पाहुणीची पँट?" गृहस्थ म्हणाले.

"मशीनमध्ये साबण कमी लागतो."

आधी दुरुस्तीवाला हसला. मग गृहस्थ हसले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. म्हणाले, माझी आत्या अगदी अशीच होती, ती काडेपेटीच्या काड्या मधोमध चिरायची. लेकीला विचारलं, आई नेहमी अशीच का? लेक म्हणाली, "हो." आवाज कसा तरीच होता तिचा. आणि प्रकरण तिथेच हसण्यावारी गेलं.

जिन्यात हसरीने माझा हात धरायला बघितला. "ताई, तुमचे उपकार..." मी हात सोडवून घेतला. म्हटलं, तुझ्यासाठी केलं नाही. मग कुणासाठी केलं ते तिने विचारलं नाही, बरं झालं, मला सांगता आलं नसतं. वय झालं की जीभ अशी ऐन वेळी दगा देते.

शनिवार, २३ मार्च

सकाळी पाहुणी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. पाठ केलेलं काही नव्हतं ह्या वेळी.

"मला वाटलं, ते बिघडलंय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला लाज वाटते म्हणून तुम्ही झाकलंय."

"मला कशाला लाज वाटेल?"

"माझ्या आईला वाटते. आमचं मशीन बिघडलं तेव्हा आईने त्याच्यावर कापड घातलं आणि वर कुंडी ठेवली. कुणी आलं तर सांगते, मला हाताने धुवायला आवडतं. दिवसभर हॉटेलच्या चादरी मशीनमध्ये टाकते आणि घरी येऊन आमचे कपडे बादलीत धुते."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"आधी माझं शिक्षण होतं. मग माझं इथे येणं. मशीन नेहमी पुढच्या वर्षी." ती जराशी हसली. "पहिल्या दिवशी ती कुंडी बघितली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं."

मी हातातली कात्री खाली ठेवली. तो रफू खरा होता. ती पिळलेली चादर, तो झटका, सगळं खरं होतं, आणि मी त्याच्यात वर्ग आणि प्रमाणपत्रं बघत बसले होते. कपड्यावरून माणूस ओळखते अशी माझी घमेंड होती. मला लाज वाटली, अगदी साधी, चारचौघांना वाटते तशी.

"आणि तुम्ही का झाकलंत?" तिने विचारलं. "कंजूषपणाने नाही. तुम्ही माझ्या ताटात दोनदा वाढता."

"तुम्हाला साधं जगणं बघायचं होतं म्हणून."

"आम्हाला? आम्हाला तर सांगितलं होतं की नवे कपडे, चांगल्या वस्तू आणू नका, यजमानांना वाईट वाटेल. बाकीच्यांनी जुने कपडे शोधून आणले. मला शोधावे लागले नाहीत."

म्हणजे तिकडचे आमच्यासाठी गरीब झाले आणि आम्ही त्यांच्यासाठी. परस्परांची संस्कृती समजून घ्यायची ती अशी. आम्ही दोघी इतक्या हसलो की लेक धावत बघायला आली, आणि आम्ही काय हसतोय ते तिला सांगताच येईना. मग दिवसाउजेडी मशीन लावलं. पाहुणी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि कपडे फिरताना बघत राहिली.

गुरुवार, २८ मार्च

पाहुणी गेली. जाताना मला मिठी मारली. ह्यांना सवयच असते. स्वेटरचा दुसरा कोपर फाटायला आला होता, तो मी काल रफू करून दिला. तिच्या आईइतका नाही साधला, पण तिच्या आईला कळेल की कुणी तरी प्रयत्न केला होता.

गल्लीत माझं नाव आता कंजूष काकू. काल एका गिऱ्हाइकाने जुनी चेन परत मागितली, म्हणाला, तुम्ही ती कुणाला तरी लावाल. चालायचंच.

गुरुवार, ४ एप्रिल

निवड झाली.

लेकीने दवाखान्यातून फोन करून सांगितलं, आणि मी "बरं" म्हटलं. ती म्हणाली, आई, तू ऐकलंस ना मी काय म्हटलं? म्हटलं, ऐकलं, बहिरी नाही मी. राहायची सोय पाहुणीच्याच घरी आहे.

कोट खुंटीवरून काढला. खांदे उसवून आत घेतले, लांबी कमी केली, अस्तर बदललं, बटणं जास्त घट्ट लावली. संध्याकाळच्या आत झाला. तसं काम होतंच किती त्यात.

शनिवार, २० एप्रिल

विमानतळावर हसरीने सगळ्यांचा एकत्र फोटो काढला आणि आयांना हसायला सांगितलं. बाकीच्या हसल्या.

लेकीला मफलर दिला. त्या निळ्या लोकरीचा विणला, रोज थोडा थोडा. इतका लांब झाला की तिला तीन वेढे घ्यावे लागले. "आई, एवढा कशाला?" म्हणाली. म्हटलं, लोकर फुकटची होती.

काचेच्या पलीकडे जाऊन तिने हात केला. मग रांग पुढे सरकली आणि ती दिसेनाशी झाली, तरी मफलरचा निळा रंग थोडा वेळ दिसत राहिला. घरी आले आणि दुकान उघडलं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

रविवार, २८ एप्रिल

लेकीचा फोन आला. थंडी आहे, कोट अगदी मापाचा आहे, दवाखान्यात तिला नोंदणीच्याच खिडकीशी बसवलंय आणि तिला त्याची मजा वाटतेय. पाहुणीची आई कमी बोलते पण ताटात दोनदा वाढते. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "आई, इथे न्हाणीघराशेजारी काही तरी झाकून ठेवलंय. वर कुंडी आहे. मी काही विचारलं नाही."

"विचारू नकोस," म्हटलं. "आणि दुरुस्तीवाला तर अजिबात बोलावू नकोस."

ती हसली. मग म्हणाली, "त्या बादलीशी बसल्या की मी जाऊन शेजारी बसते." मी म्हटलं, बस. दोघी मिळून पिळलं की चादर लवकर होते. आणखी काही तरी बोलायचं होतं, पण तिकडून कुणी तरी तिला जेवायला हाक मारली.

फोन ठेवून धुणं काढलं. माझा एक झगा, एक टॉवेल, एक उशीचा अभ्रा. मशीन उघडून आत टाकले तर तळाशी पडले, दिसेनात सुद्धा. एवढ्याशासाठी कुणी मशीन लावतं का? मी कंजूष आहे हे काय मी उगाच सांगितलं होतं? ते बाहेर काढले, बादली घेतली आणि बसून हाताने धुतले. टॉवेल पिळताना दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, ते नळाला अडकवलं.

मशीनवर चादर पुन्हा घातली आहे, वर कुंडी. वापर नसला की धूळ बसते.